व्ही-क्रॉस: मागचे पाटे आणि काट्याची पावती

ओडोमीटर १,०४,३०० किमी, मे

गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०१७ ची, २.५ लिटर डिझेल, पाच गिअर, फोर बाय फोर. गेल्या दिवाळीपासून हौद्यावर फायबरची कॅनपी, म्हणजे बंद टप, आहे. आत लोखंडी ड्रॉवर, त्यावर फ्रिज, शेजारी पाण्याचा ४० लिटरचा कॅन. तेव्हापासून मागची बाजू बसली ती बसलीच. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं, तर ४२ मिमी कमी. रात्री समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारायचा, कारण माझे लाइट त्यांच्या डोळ्यांत जात होते.

साताऱ्याजवळ हायवेला लागून एक जुनं कमानपाट्यांचं दुकान आहे; कमानपाटे म्हणजे मागचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. तिथे जाऊन म्हणालो, "चाचा, दोन पाटे वाढवून द्या." ते खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. "मागं वजन किती आहे?" दीडशे किलो असेल, मी म्हणालो. "असेल म्हणून पाटा घालत नाही मी. आधी वजनकाट्यावर घालून या."

गेलो. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. घरी येऊन हौदा रिकामा केला, कॅनपी उतरवली आणि पुन्हा गेलो. रिकामी गाडी १,९६० किलो: पुढे १,१४०, मागे ८२०. भरलेली २,३२०: पुढे १,१२०, मागे १,२००. दीडशे कुठले, ३६० किलो सामान घेऊन मी रोज फिरत होतो! आणि पुढची चाकं २० किलोंनी हलकी झालेली. ओझं मागच्या धुरीच्या (अॅक्सलच्या) पलीकडे लटकलं की पुढचं नाक उचललं जातं. घाटात उतरताना स्टिअरिंग सैल वाटायचं त्याचं कारण पावतीवर छापून आलं.

ओडो १,०४,९०० किमी, जूनचा पहिला आठवडा

आधी वजन उतरवलं. लोखंडी ड्रॉवर काढून सुताराकडून प्लायचे करून घेतले, तिथेच ५५ किलो गेले. पाण्याचा कॅन केबिनच्या भिंतीला चिकटवून बांधला. दुसरा जॅक घरी ठेवला. एवढं झाल्यावर चाचांनी दोन नाही, एकच पाटा घातला.

कारण त्यांनी हात लावून दाखवलं. सर्वांत खालचा जाड पाटा हा फक्त जड ओझ्याच्या वेळी कामाला येण्यासाठी असतो. माझी गाडी कायम त्याच्यावरच टेकलेली होती. त्यामुळे खड्ड्यात हालचालीला जागाच उरत नव्हती आणि धुरी थेट बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आदळायची. आणखी दोन पाटे घातले असते तर गाडी उंच दिसली असती, पण रिकामी असताना खडखडत उडाली असती. नव्या पाट्याला कमान त्यांनी थंडच दिली, ऐरणीवर घणाने ठोकून. "तापवलं की पाणी उतरतं," म्हणाले, म्हणजे पोलादाचा कस जातो. घणाचा तो आवाज अजून कानात आहे.

पाटे धुरीला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घ्या, मंडळी. जुने एकदा ताणले गेलेले असतात, पुन्हा तसे घट्ट बसत नाहीत. ५०० किमीनंतर मी सगळे पुन्हा आवळले, तेव्हा दोन चक्क पाव वळसा फिरले. हेडलाइटही त्याच दिवशी खाली करून घेतले. पुढचं सस्पेन्शन आहे तसंच ठेवलंय.

आता ४२ मिमीपैकी ३५ परत मिळालेत. उरलेले मला नकोतच.

ओडो १,०७,२०० किमी, ऑगस्ट

पाटणच्या आतल्या बाजूला मामांच्या शेताकडे जाताना ओढा गुडघ्याच्या वर होता. फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) टाकून सावकाश पार केला, काहीच अडलं नाही. चार दिवसांनी मागच्या डिफरन्शियलचं (धुरीच्या मधल्या गिअरच्या डब्याचं) ऑइल तपासलं तर दुधाळ, म्हणजे आत पाणी शिरलेलं. गरम डिफ एकदम थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर करणारं छोटं तोंड) पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. ऑइल बदललं, नवीन घातलं, २०० किमी चालवून तेही बदललं. ब्रीदरला दीड मीटर रबरी नळी जोडून टेललॅम्पच्या मागे उंच नेली. खर्च फार नाही, काम तासाभराचं. पावसाळ्याआधीच करायला हवं होतं.

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या फुलांच्या पठारावर, मात्र गाडी घालत नाही. ती फुलं नि ती माती चाकाखाली एकदा गेली की वर्षानुवर्षं भरून येत नाही.

ओडो १,०८,१०० किमी, सप्टेंबर

एक गोष्ट राहिली आहे. भरलेल्या गाडीत पहिल्या गिअरमधून निघताना खालून थरथर येते, वेग वाढला की थांबते. मागची उंची बदलल्यामुळे प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या धुरीला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलला आहे आणि त्याला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगला तो सोसत नाही, असा माझा कयास. पुढच्या रविवारी बेअरिंगचा ब्रॅकेट ६ मिमीच्या पट्ट्या घालून खाली घेणार आहे. त्याआधी गाडी भरून पुन्हा काट्यावर.