झाड सफाचट करू नका प्लीज

सोसायटीत झाड छाटायला बोलावतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं, "पावसाच्या आधी सगळं साफ करून टाका." मी गाडीच्या वर उचलणाऱ्या बकेटमध्ये उभा राहून मशीन, म्हणजे चेनसॉ, चालवतो, ठाणे मुंबई साइडला बरीच वर्षं हेच काम आहे, आणि हे वाक्य ऐकलं की मला आधी खाली उभं राहून समजावत बसावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहूनच काढतो.

सगळ्या फांद्या मधूनच छाटल्या तर झाड हलकं होतं असं वाटतं. होतं, पण एकच सीझन. नंतर त्या खुंटांमधून जो भराभर फुटवा येतो त्याची पकड नुसती वरवरची असते, आणि खुंट आतून कुजायला लागलेला असतो. दोन चार वर्षांत हीच जाड झालेली फांदी वाऱ्यात गाडीवर येते आणि मग नाव गुलमोहराचं खराब. गुलमोहर मुळात मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी, त्यात आपण बुंध्यापर्यंत काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक घातलेले. त्याने उभं राहायचं कसं?

बरोबर कट कुठे असतो सांगतो. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं दिसतं, कट त्याच्या जस्ट बाहेर. कडं कापायचं नाही आणि पुढे खुंटही ठेवायचा नाही. जड फांदी असेल तर तीन कट, पहिला फूटभर पुढे खालून, थोडासाच, दुसरा त्याच्याही पुढे वरून, वजन गेलं की मग कड्यापाशी शेवटचा. थेट वरून मशीन घातली तर फांदी अर्धवट तुटून खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते, ती जखम झाड वर्षानुवर्षं वागवतं. त्यावर डांबर किंवा ऑइलपेंट लावा असंही सांगतात, त्याने काही होत नाही. अमेरिकेच्या वन खात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी चेनसॉनेच हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम आपल्या कातडीसारखी बरी करत नाही, तेवढा भाग आतून बंद करून टाकतं आणि भोवती नवीन लाकूड वाढवतं. कडं शाबूत असलं तर हे काम ते स्वतःच करतं.

आता आमच्या बाजूचं. बकेटची गाडी लावली की तिला टेकू देणाऱ्या जॅकखाली लाकडी फळ्या लागतातच, फुटपाथखाली गटार असतं आणि झाकण कधी दबेल सांगता येत नाही. सेफ्टी बेल्टचा हूक बकेटमधल्या पॉइंटला. दोन्ही हात मशीनवर, एका हाताने फांदी धरून दुसऱ्याने कापणं बघायला भारी वाटतं पण मशीनची साखळी फिरते त्या पट्टीचं टोक दुसऱ्या फांदीला लागलं की मशीन उसळून थेट तोंडावर येते. खांद्याच्या वर कापायचं नाही, त्यापेक्षा बकेट वर घ्यायची. आणि लाइट लाइन जवळ असेल तर कंपनीचा माणूस येऊन लाइन बंद झाल्याशिवाय मी वर जात नाही, कितीही घाई करा. त्यामुळे "एवढ्या एका झाडाला अर्धा दिवस?" असं विचारू नका ना, खरंच लागतो.

मे महिन्यात कावळ्यांची घरटी असतात, अंडी पिल्लं दिसली तर ती फांदी मी सोडतो. सुकलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि गच्चीवर टेकलेल्या फांद्या काढल्या तरी बहुतेक झाडांचं काम होतं. फक्त बिल्डिंगच्या बाजूच्याच सगळ्या काढून एका अंगाला झुकतं करून ठेवायला मात्र सांगू नका.

आणि परवानगीचं. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे आवारातलं झाड आपलं असलं तरी आधी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करावा लागतो, त्याला वेळ जातो. अर्ज मार्चमध्येच टाका आणि त्यात कोणती फांदी, का, हे फोटोसकट लिहा, मेच्या शेवटी फोन केलात तर माझ्याकडेही गाडी मोकळी नसते.