पीअर एज्युकेटर होताना

दारू सुटून बराच काळ गेल्यावर व्यसनमुक्ती केंद्रातल्या ताईंनी विचारलं, "इथंच काम कराल का?" पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बरे झालेले मित्र नव्या पेशंटना सांभाळतात, हे ऐकून होतो. पण याला पद असतं, पगार असतो, हे ठाऊक नव्हतं. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांत 'पीअर एज्युकेटर' नेमतात. उमेदवाराने स्वतः व्यसन भोगलेलं असावं लागतं आणि ते सुटलेलंही. नोकरीत असेपर्यंत नशा करणार नाही, असं लिहून द्यावं लागतं. सही करताना बायको माझ्या हाताकडेच बघत होती. हात स्थिर होता.

प्रशिक्षणात काय करायचं नाही, हेच जास्त शिकवलं. औषधांवर सल्ला द्यायचा नाही, पेशंटशी उसनवारी करायची नाही. दारू बंद झाल्यावर दोन-तीन दिवसांत कुणी बरळू लागला, नसलेलं काही दिसतंय म्हणाला, तर समजूत घालत बसायचं नाही. लगेच डॉक्टरांना बोलवायचं, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

खरं अवघड गेलं ते स्वतःची गोष्ट आवरणं. ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' गटाच्या मीटिंगमध्ये मन मोकळं होईपर्यंत शेअरिंग करायची सवय. इथं समोरच्याच्या कामाचं तेवढंच बोलायचं. रंगकाम करणारा एक मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. डॉक्टरांशी बोलायचा नाही, आईशीही नाही. मी एवढंच म्हणालो, "सकाळी दुकानाचं शटर उघडायच्या आधी मीही तिथं उभा असायचो."

तो वळला. "किती वाजता?"

मग जेवणाची घंटा होईपर्यंत तोच बोलत राहिला. मी मध्ये तोंड घातलं नाही.

अमेरिकेत मेडिकेडने, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेने, २००७ मध्ये अशा कामाचे पैसे द्यायची वाट राज्यांना मोकळी करून दिली, ती प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि जाणत्या व्यक्तीची देखरेख यांच्या अटीवर. मला यातली देखरेख सगळ्यात महत्त्वाची वाटते. रोज दुसऱ्यांच्या तलफेच्या गोष्टी ऐकून आपलीही जुनी ओढ जागी होते. ती बोलून दाखवायला कुणी नसेल, तर आमच्यातलाच माणूस पुन्हा पिऊ लागतो आणि लोक म्हणतात, "यांना कशाला ठेवता?"

म्हणून कुणी या कामाबद्दल विचारलं, तर मी सांगतो: पगाराच्या आधी विचारा, आठवड्यातून एकदा तुमचं कोण ऐकणार? आमच्याकडे ताई ऐकतात. शिवाय मी माझी मीटिंग चुकवत नाही, तीही आमच्या केंद्राबाहेरची. तिथं मला कुणी 'सर' म्हणत नाही.