बटण दाबण्याच्या आधी आणि नंतर

मतदान हे कर्तव्य आहे, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की केंद्रावर जाणे, बटण दाबणे आणि शाई लावलेल्या बोटाचे छायाचित्र नातेवाइकांना पाठवणे एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. शिक्षकाच्या नोकरीत निवडणुकीची ड्यूटी चुकत नाही. मतपेटीच्या आणि यंत्राच्या अशा दोन्ही काळांत ती केल्यामुळे माझे मत थोडे वेगळे झाले आहे. मतदानाची पद्धत कोणतीही असो, तिच्यावर सामान्य माणसांची नजर असते तोवरच ती विश्वासार्ह राहते, आणि ही नजर ठेवणे हादेखील मतदाराच्या कर्तव्याचाच भाग आहे, असे मला वाटते.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांची संख्या सतरा कोटींच्या पुढे होती आणि त्यातील बहुसंख्य लोक निरक्षर होते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्यावर काढलेला तोडगा असा होता की प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी ठेवायची, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवायचे आणि मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. मतपत्रिकेवर काहीही लिहायचे किंवा उमटवायचे नव्हते. साधारण एक रुपयाच्या नोटेएवढ्या या मतपत्रिका नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या गेल्या आणि पोलादी पेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. याच निवडणुकीच्या याद्या करताना अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच ओळख त्यांनी दिली. सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत आली नाहीत. तो निर्णय त्या वेळी कठोर वाटला असणार, पण मतदार ही स्वतःच्या नावाची स्वतंत्र व्यक्ती असते, हे त्यातून कायमचे ठरले.

वेगवेगळ्या पेट्यांच्या पद्धतीत एक मोठी फट होती. पेट्या आडोशाला असल्याने मतपत्रिका पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणता येत असे, आणि बाहेर तिला गिऱ्हाईक मिळणे अवघड नव्हते. १९५७ नंतर ही पद्धत मागे पडली आणि १९६२ पासून सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे असलेली एकच मतपत्रिका देशभर रूढ होऊ लागली. न पुसणारी शाई मात्र पहिल्या निवडणुकीपासूनच होती. सिल्व्हर नायट्रेट असलेली ही शाई १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते.

बाणांच्या फुलीचा रबरी शिक्का मारून मतपत्रिका आधी उभी आणि मग आडवी दुमडायची, हे आम्ही मतदारांना दिवसभर सांगत असू. त्यामागचे कारण फार थोड्यांना माहीत असे. उभी घडी आधी घातली की ओल्या शाईचा डाग त्याच उमेदवाराच्या ओळीत उमटतो. आडवी घडी आधी घातली तर तो दुसऱ्याच्या चिन्हावर उमटू शकतो, आणि मोजणीच्या टेबलावर तेवढ्यावरून वाद पेटतो. मतपेटीवर लाख ओतताना बोटे भाजत आणि मोजणी रात्र-रात्र चाले, त्यामुळे कागदाच्या काळाबद्दल हळवे होणाऱ्यांशी मी फारसा सहमत होत नाही. संशयही तेव्हा कमी नव्हता. १९७१ मध्ये दक्षिण दिल्लीतून पराभूत झालेल्या बलराज मधोक यांनी मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया करून गाय-वासराच्या, म्हणजे इंदिरा गांधींच्या काँग्रेसच्या, चिन्हावर अदृश्य शाईने आधीच शिक्का उमटवला गेल्याचा आरोप केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, काही मतपत्रिका नमुन्यादाखल तपासण्यास परवानगी मिळाली, पण आरोप सिद्ध झाला नाही.

कागदाची मर्यादा मराठी माणसांनीही एकदा चांगलीच दाखवून दिली. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी मराठी भाषकांनी मोठ्या संख्येने अर्ज भरल्याने बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. त्याच वर्षी लोकसभेसाठीची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आली, त्यामागे अशाच अनुभवांचा वाटा होता. (आजचे यंत्रही ‘नोटा’ धरून ३८४ पर्यंतच नावे सामावून घेते, म्हणजे बेळगावकरांनी त्यालाही हरवले असते.)

यंत्राचा पहिला प्रयोग केरळमधील परूर येथे १९८२ मध्ये ५० केंद्रांवर झाला. कायद्यात तशी तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तेथील मतदान रद्द ठरवले आणि नंतर कायदा बदलावा लागला. गोव्याने १९९९ मध्ये संपूर्ण विधानसभा निवडणूक यंत्रांवर घेतली, तर २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व ५४३ जागांसाठी यंत्रे वापरली गेली. बाद मते संपली. मिनिटाला चारच मते नोंदवता येत असल्याने केंद्र बळकावून शिक्के मारत सुटण्याचा धंदाही मंदावला. मात्र मत दिसेनासे झाले, आणि ते पुन्हा दिसावे म्हणून दिलेले मत चिठ्ठीवर छापून दाखवणारे व्हीव्हीपॅट यंत्र आले. २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन येथे ते प्रथम वापरले गेले. काचेमागे सात सेकंद दिसणारी ती चिठ्ठी आणि विधानसभा क्षेत्रागणिक पाच केंद्रांवरील चिठ्ठ्यांची मोजणी पुरेशी आहे का, हा प्रश्न रास्त आहे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदाकडे परत जाण्याची मागणी फेटाळली; त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी स्वतःच कागदावर मतदान घेण्याचे ठरवले आणि प्रशासनाने ते होऊ दिले नाही. आपल्या महापालिकांच्या निवडणुकांत तर व्हीव्हीपॅट नसतेच, याबद्दल जेवढे बोलले जायला हवे तेवढे बोलले जात नाही.

या सगळ्या वादात मला खटकते ती वेगळीच गोष्ट. मतदान सुरू होण्याआधी, पहाटे, केंद्राध्यक्ष अभिरूप मतदान, म्हणजे चाचणीचे मतदान, घेतात. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मते टाकून निकाल दाखवायचा, तो व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहायचा, मग यंत्रातील आकडे पुसून ते शून्यावर आल्याचे दाखवायचे आणि हिरव्या कागदी मोहोरेवर सह्या घेऊन यंत्र बंद करायचे. यंत्र प्रामाणिक आहे की नाही, हे सामान्य माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येणारा हा जवळपास एकमेव क्षण आहे. त्या वेळी समोरच्या खुर्च्या किती भरलेल्या असतात? माझ्या ड्यूटीत मी प्रतिनिधींची वाट पाहिली आहे, आणि जे आले ते अनेकदा डोळे चोळत, काय चालले आहे हे न विचारता सही करून मोकळे झाले. दिवसभर राबणारे आणि प्रत्येक मतदाराला नावानिशी ओळखणारे प्रतिनिधीही मी पाहिले आहेत. एकाच्या नावावर दुसरा मत द्यायला आला की तेच आक्षेप घेतात. आपल्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेले असेल, तर खऱ्या मतदाराला प्रदत्त मत, म्हणजे कागदी मतपत्रिकेवर वेगळे ठेवले जाणारे मत, देण्याचा हक्क आहे, हे त्याला बहुधा माहीतही नसते.

संध्याकाळची गोष्ट याहून वाईट आहे. मतदान संपले की केंद्राध्यक्षाने नमुना १७-क मध्ये नोंदवलेल्या एकूण मतांची साक्षांकित प्रत उपस्थित प्रत्येक प्रतिनिधीला द्यायची असते. मोजणीच्या दिवशी यंत्राचा आकडा याच कागदाशी जुळवून पाहता येतो. पण प्रत मिळते ती उपस्थित असणाऱ्याला, आणि यंत्र बंद होऊन मोहोरा लागेपर्यंत थांबणारे थोडेच असतात. पुढे आकड्यांवरून वाद झाला की हाच कागद मागितला जातो. मतदार म्हणून आपणही आपल्या पक्षाच्या किंवा अपक्ष उमेदवाराच्या कार्यालयात जाऊन आपल्या केंद्रावर प्रतिनिधी नेमला आहे का, हे विचारू शकतो. नेमला नसेल तर स्वतःचे नाव देता येते. नेमणुकीचा नमुना क्रमांक १० उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने भरायचा असतो, आणि तो घेऊन पहाटे केंद्रावर पोहोचायचे असते.