तापीकाठचे थांबे

खान्देशाला समुद्र नाही. तरी किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी चालवत जायची हौस जळगावकरालाही असते, आणि दर डिसेंबरात कुणीतरी कोकणाचा विषय काढतंच. यंदा मी म्हटलं, किनारा आपल्याकडेही आहे की! मुलताईहून निघून सुरतेजवळ समुद्राला मिळेपर्यंत तापी ७२४ किलोमीटर वाहते. त्यातले २२८ किलोमीटर महाराष्ट्रात, आणि त्यातलीही बहुतेक वाट खान्देशातून.

अडचण एकच. रस्त्यावरून नदी दिसत नाही. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता तापीच्या उत्तरेकडून जातो खरा, पण पश्चिमेला निघालं की उजव्या हाताला सातपुडा आणि डाव्या हाताला केळीच्या बागा. तापी त्या बागांच्या पलीकडे. नदी बघायची तर फाट्यावर गाडी वळवावी लागते, आणि कोणत्या फाट्यावर वळायचं हे घरूनच ठरवून निघावं लागतं. ऐन वेळी ‘चला, बघू या काय आहे’ म्हणून वळलात तर बहुधा कुणाच्या तरी शेतात जाऊन पोचाल.

नवऱ्याने मोबाईलवर भलीमोठी यादी केली होती. पाल, मनुदेवी, तोरणमाळ, सगळं त्यात. मी आधी ती तिन्ही काढली. ठिकाणं वाईट म्हणून नव्हे. ती डोंगराची आहेत, त्यांच्यासाठी वेगळं निघावं. मनुदेवीचा धबधबा तर पावसाळ्यातच बघावा. मग नकाशात तापीला दुसऱ्या नद्या कुठे मिळतात तेवढ्या जागांवर खुणा केल्या. पूर्णा, पांझरा, गोमाई. संगम असला की गाव जुनं असतं, देऊळ असतं, घाट असतो, यात्रा भरते, आणि यात्रेच्या गावी चहाची टपरी असतेच. सोबत सासरे असताना हा शेवटचा मुद्दा लहान नाही.

पहिला थांबा मुक्ताईनगर आणि चांगदेव. ही दोन्ही जोडीनेच बघावी. चौदाशे वर्षांच्या तपाचा अभिमान धरणारे चांगदेव, त्यांनी आळंदीला पाठवलेलं कोरं पत्र, त्याला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांच्या पासष्ट ओव्या, हे आपण शाळेपासून ऐकतो. पुढे मुक्ताईने त्यांना उपदेश केला. गुरू वयाने एवढीशी, शिष्य एवढा जुना, आणि दोघांची ठिकाणं हाकेच्या अंतरावर. महाशिवरात्रीच्या सुमारास इथे दोघांची मिळून यात्रा भरते, तेव्हा मात्र गाडी घेऊन येऊ नका. चांगदेवचं देऊळ दगडी, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं. देवळातून निघून संगमावर गेलं की पूर्णा कुठली आणि तापी कुठली हे ओळखू येत नाही, कारण खाली हतनूरचं धरण आहे आणि त्याचा फुगवटा इथवर येतो. नदी बघायला आलात आणि तलाव भेटला, असं होतं. आबा म्हणाले, “हे पाणी पावसाळ्यात बघायला पाहिजे, सूनबाई. एक्केचाळीस दरवाजे आहेत हतनूरला.” पण हिवाळ्यात त्या फुगवट्यावर बाहेरून आलेले पक्षी उतरलेले असतात, तेव्हा दुर्बीण असेल तर घ्या. सकाळी लवकर गेलं तरच, ऊन चढलं की ते दूर जाऊन बसतात.

भुसावळात थांबण्यासारखं आम्हाला काही सुचलं नाही. तापीचा पूल ओलांडून फैजपूरच्या अंगाला लागलो. १९३६ साली खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन ते इथलं, अध्यक्ष पंडित नेहरू. गाडीतल्या गाडीत एवढं सांगून झालं आणि यावलकडे वळलो, कारण सगळ्यांचं लक्ष भरिताकडे होतं.

जेवणाचा थांबा भरिताच्या पट्ट्यातच घ्यावा यावर माझं कुणाशीही भांडण होऊ शकतं. भालोद-बामणोदकडची वांगी हिरवी-पांढरी, हातभर, आणि बी अगदी थोडं. गॅसवर भाजलेल्या भरिताशी याचं नातं नाही. कपाशीच्या काड्यांचा जाळ करतात, त्यात वांगी सालासकट काळी होईपर्यंत उलटीपालटी करतात, मग साल काढून लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणासोबत ठेचतात. ठेचायचं, वाटायचं नाही. रेषा राहिल्या पाहिजेत. वरून तेलात परतलेले शेंगदाणे, पातीचा कांदा, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची. आम्ही बसलो त्या शेडमध्ये धुराने डोळे चुरचुरत होते, आणि ठेचणारी मावशी एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने बडगी सांभाळत होती. आबांनी तिसरी भाकरी मागितली तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं.

यानंतर गाडी चालवणाऱ्याला झोप येते. म्हणून पुढचा थांबा जवळच हवा, आणि तो अडावदहून आत असलेला उनपदेव. गरम पाण्याचा झरा, गोमुखातून पडणारा. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना इथे येणाऱ्यांचं मला नवल वाटतं. डिसेंबरात मात्र पाय सोडून बसलं की उठवत नाही.

चोपड्याच्या पुढे शिरपूरला मुक्कामाला पोचायची घाई करू नका, थाळनेरला वळा. माझ्या मते पूर्ण वाटेवरचा हा सर्वांत मोलाचा थांबा, आणि सर्वांत कमी लोक इथे थांबतात. खान्देशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी हीच. असीरगड आणि बऱ्हाणपूर नंतरचे. सुलतानांच्या कबरी अजून उभ्या आहेत, त्यातली एक अष्टकोनी. किल्ल्याचं आता फारसं उरलेलं नाही, पण जे आहे ते थेट तापीच्या काठावर. इथे नदी खरंच नदीसारखी दिसते. फेब्रुवारी १८१८ मध्ये होळकरांनी तहात किल्ले इंग्रजांना देऊन टाकले असतानाही इथल्या किल्लेदाराने दरवाजा उघडला नाही. इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेने किल्ला घेतला, आतली शिबंदी कापली आणि किल्लेदार तुळशीराम यांना फाशी दिली. आणि लता मंगेशकरांचं आजोळही थाळनेरच. इतकं सगळं असलेल्या गावाचा फलक महामार्गावर जरा मोठा असायला काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशीचा बेत दत्तजयंतीला धरून आखला होता. सारंगखेड्याला तापीकाठी दत्ताचं देऊळ आहे आणि मार्गशीर्ष पौर्णिमेपासून घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात. घोडा घ्यायचा नसला तरी सौदा ऐकावा. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची जुनी रीत अजून कुठे कुठे दिसते, पण आता बहुतेक मोबाईलवरच. घोड्याचे दात बघणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला विचारलं, “कथाईन उनात?” म्हणजे कुठून आलात. जळगाव म्हटल्यावर त्यांनी आबांना खाटेवर बसवून घेतलं आणि आमचा एक तास गेला. यात्रा नसेल तेव्हा सारंगखेड्याला अर्धा तास पुरतो.

प्रकाशा इथून जवळ, गोमाई आणि तापीच्या संगमावर. याला दक्षिण काशी म्हणतात, आणि काशी करून आलं की प्रकाशा केल्याशिवाय ती पुरी होत नाही अशी इकडची समजूत. केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर ही देवळं बघून होतात, पण गावाच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडाकडे कुणी वळून पाहत नाही. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याने इथे खणलं तेव्हा ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. घाटावर विधी चाललेले असतात, तेव्हा कॅमेरा गाडीतच ठेवलेला बरा.

नंदुरबारला गाडीच्या काचा वर घेऊनच शिरा. मिरचीचा हंगाम असला की शहराबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, बायका देठ खुडत बसलेल्या असतात आणि त्यांना काही होत नाही, शिंका आपल्यालाच. मिरची घ्यायची असेल तर आदल्या आठवड्यातली, पूर्ण वाळलेली मागा.

परतताना तोच रस्ता धरू नये. दोंडाईचा, शिंदखेडा करत दक्षिण तीराने या, म्हणजे मुडावदजवळचा पांझरेचा संगम आणि कपिलेश्वराचं देऊळ साधतं. जाताना ते पात्राच्या पलीकडे राहतं. मग अमळनेर. तिथे मंगळग्रहाचं देऊळ आहे, म्हणून मंगळवार सोडून कोणताही वार धरा, नाहीतर गाडी लावायलाच तास जाईल.