न्यूझीलंड नेमकं कोणत्या वर्षी मागे पडलं?

१ जानेवारी १९७३ ला ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेलं, न्यूझीलंडच्या लोण्याचं आणि मटणाचं हक्काचं गिऱ्हाईक तुटलं आणि देश ऑस्ट्रेलियाच्या मागे पडला, असं सगळेच सांगतात. पण लोकरीचा भाव डिसेंबर १९६६ मध्येच सुमारे ४० टक्के कोसळला होता. लोणी-चीजच्या कोट्याची सोयही १९७१ मध्ये ठरून गेली होती, म्हणजे दार एका दिवसात बंद झालंच नाही. तेव्हा आकड्यांचा कल कुठे मोडला हे शोधताना १९७३ मनात धरून चाचणी लावू नका. वर्ष आकड्यांतून निघू द्या.

दोन्ही देशांचं दरडोई जीडीपी स्थिर किमतींत आणि क्रयशक्तीच्या हिशेबाने घ्या, गुणोत्तर काढून त्याचा लॉग घ्या. चालू डॉलर नकोत. नोव्हेंबर १९६७ मध्ये न्यूझीलंडने अवमूल्यन केलं, ऑस्ट्रेलियाने केलं नाही. नुसत्या विनिमय दरानेच आलेखाला पायरी पडते.

मग मार्च एंडची भानगड. न्यूझीलंडचं वर्ष आपल्यासारखं मार्चला संपतं, ऑस्ट्रेलियाचं जूनला, ब्रिटनचे आकडे कॅलेंडर वर्षाचे. लोकरीची पडझड न्यूझीलंडच्या ‘१९६७’ मध्ये मोजली जाते. तिमाही आकडे नसतील तर तारखेत एक वर्ष इकडे-तिकडे धरूनच बोला.

सगळ्यात जास्त फसगत छाटणीत होते. तारीख माहीत नसताना दोन्ही टोकांची १५ टक्के वर्षं सोडून मधल्या प्रत्येक वर्षी चाऊ चाचणी (त्या वर्षाआधीचा आणि नंतरचा कल वेगळा आहे का, हे बघणारी) लावतात आणि सर्वांत मोठा एफ, म्हणजे त्या फरकाचं माप, घेतात. मालिका १९६० ते २०१९ असेल तर सुरुवातीची ९ वर्षं गेली. १९६६-६७ उमेदवारच उरत नाही, आणि मग सॉफ्टवेअर इमानदारीने सत्तरच्या दशकातलं वर्ष काढून देतं! मालिका १९५० पासून घ्या.

सर्वांत मोठा एफ निवडलाय, म्हणून नेहमीचा ३.८४ चा उंबरठाही चालत नाही. एकच गुणांक बदलतोय असं धरलं तर ५ टक्के पातळीला तो सुमारे ८.७ लागतो. गुणोत्तर मुळात यादृच्छिक भटकणारं (रँडम वॉक, ठरलेल्या कलाकडे न परतणारं) असेल तर हाही आकडा खोटी आशा दाखवतो. आधी झिव्होट-अँड्र्यूज चाचणी करून बघा, मधे एक तूट धरूनही मालिका भटकणारीच आहे का हे ती सांगते.

तुटीची, म्हणजे कल मोडल्याची, जागा सापडली तरी भागाकारात दोन देश आहेत. ऑस्ट्रेलियाने १९६० च्या अखेरीस लोहखनिजाच्या निर्यातीवरची बंदी सैल केली होती. म्हणून ब्रिटनशी गुणोत्तर वेगळं काढा. तूट फक्त ऑस्ट्रेलियाबरोबरच दिसली, तर लोकरीआधी ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराच्या लोहखनिजाच्या खाणींकडे बघावं लागेल.