तीन तारे दिसल्यावर सुरू झालेली मैफल

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, गाण्यांच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण करायचे तर आधी वार पाहावा लागतो. अलिबागकडच्या एका सिनेगॉगशेजारच्या (ज्यूंच्या प्रार्थनामंदिराशेजारच्या) सभागृहात डिसेंबरमधल्या शनिवारी साडेसातला कार्यक्रम होता. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. त्या काळात तिथे विजेचे बटण दाबायचे नाही, पेटीच्या भात्यालाही हात लावायचा नाही. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या या लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत ते याच सुट्टीमुळे. अंधार पडतो 6.35 च्या सुमारास, म्हणजे हातात पुरता तासही नाही. म्हणून स्टँड, केबल, बॅटऱ्या सगळे शुक्रवारी चारपर्यंत जागेवर लावून घेतले. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला (पवित्र वचनांच्या डबीला) लागून केबल नेली नाही, ती खिडकीतून काढली.

श्रोते चाळीस, खोली तीस बाय वीस फुटांची, शहाबादी फरशी आणि चुन्याच्या भिंती. अशा खोलीत शब्द घुमतात, आणि या गाण्यांत शब्द गेला तर सगळेच गेले. आब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने 1880 च्या सुमारास मराठी कीर्तनाच्या साच्यात बसवली गेली. त्यात साकी, दिंडी ही कीर्तनातली वृत्ते येतात, मध्येच एखादा हिब्रू चरण येतो. म्हणून सतरंज्या पसरल्या, गाणाऱ्या मावशींच्या मागच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगल्या. स्पीकर लावलेच नाहीत. चाळीस माणसांना स्पीकरची गरज नसते, आणि तो नसला की लोक आपसूक पुढे सरकून बसतात.

सहा जणी अर्धवर्तुळात बसल्या. त्यांच्यासमोर अडीच मीटरवर दोन छोटे कंडेन्सर माइक, एकमेकांपासून 17 सेंटिमीटर, 110 अंशांत. पेटीला वेगळा माइक, पट्ट्यांच्या वर फूटभर. भात्याच्या बाजूने लावला तर हवेचा धप्प आवाज प्रत्येक श्वासाला येतो. झांज दोन मीटर मागे, गाणाऱ्यांच्या उजवीकडे. शेजारी बसवली की ती ‘स’ आणि ‘श’ खाऊन टाकते. वह्यांची प्लास्टिकची कव्हरे आधीच काढायला लावली. पान उलटताना होणारी ती चुरचुर नंतर कशानेही निघत नाही.

तारे दिसले, शब्बाथ संपवणारा हवदाला हा विधी झाला: मेणबत्ती, द्राक्षरस, सब्जाचा वास. मग घरघर मुद्रणात येऊ नये म्हणून स्वयंपाकघरातला फ्रीज बंद केला आणि त्यात गाडीची किल्ली ठेवली. किल्ली घ्यायला जाताना फ्रीज पुन्हा सुरू करायची आठवण होते. नाहीतर लोकांचे अन्न नासते.

अडचण आली ती सुराची. शुक्रवारी सकाळच्या तालमीत काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी हा ‘सा’) ठरली होती आणि तबलजी त्या हिशेबाने पाच इंची पुडीचा (वरच्या चामड्याचा) दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, घेऊन आले होते. पण शनिवारी दिवसभर प्रार्थना म्हणून सगळ्यांचे गळे उतरले होते. मुख्य गाणाऱ्या आजींनी पहिली ओळ उचलली ती थेट काळी दोनमध्ये. पेटीवाल्याने पट्टी बदलली. त्याला काय, बोटे सरकवायची. दायाँ मात्र अडीच स्वर खाली उतरवला तर पुडी सैल पडते, शाई (मधला काळा गोल) बोलत नाही, ‘ना’ मातीच्या मडक्यासारखा येतो. आजींना वर चढा म्हणणे तर चुकीचेच. तबलजींनी उलटा मार्ग धरला: काळी दोनचा पंचम म्हणजे काळी पाच, आणि काळी चारवरून तिथे फक्त एक स्वर चढायचे. वाद्यांखालचे समोरासमोरचे लाकडी गट्टे थोडे थोडे खाली ठोकत, मग पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर हलके ठोके देत त्यांनी सहा-सात मिनिटांत तो लावला. एकाच बाजूने ठोकत गेले तर पुडी फाटते. तोवर पहिले गाणे नुसत्या टाळ्या-झांजेवर झाले, आणि मला तेच सगळ्यांत जास्त आवडले.

मुद्रणाची पातळी मी गाणाऱ्यांच्या आवाजावर न ठेवता बरीच खाली ठेवली होती, सर्वांत वरचा ठोका उणे 18 डेसिबलपर्यंत. कारण एलिया संदेष्ट्याचे ‘एलियाहू हन्नाबी’ हे गाणे आले की खोलीतला प्रत्येक जण गातो, आणि आवाज एका क्षणात दुप्पट वाटावा इतका चढतो. तसेच झाले, काटा उणे सहापर्यंत गेला, फाटला मात्र नाही.

शेवटी आभाराच्या विधीचे, मलिद्याचे ताट आले: भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वेलची, कडेने फळे. त्यावरचे आशीर्वादही मुद्रित केले.

त्याच रात्री आजींजवळ बसून प्रत्येक गाण्याची नोंद केली. वहीत वर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या जुन्या पदाचे पहिले दोन-तीन शब्द असतात, बाकी काही नाही. ते मूळ पद कुणाला येत नसेल तर चाल वहीतच अडकून पडते. म्हणून गाणे संपल्यावर ते मूळ पदही एक कडवे म्हणवून घेतले आणि त्याच फाइलच्या शेवटी जोडले. सातपैकी पाच मिळाली. उरलेल्या दोन चाली रेवदंड्याच्या एका काकूंना येतात असे आजी म्हणाल्या. तिथे रविवारी जायचे ठरले.