पैठण ते कायगाव : तापलेले इंजिन आणि सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, पहाटेचे धुके विरळ होताच, आम्ही चौघांनी पैठणच्या बाजूने नाथसागरात होडी लोटली आणि कायगावच्या दिशेने निघालो. होडी अठरा फुटी, फायबरची असून तिला चाळीस अश्वशक्तीचे, तीन सिलिंडरांचे फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन मागे टांगलेले आहे. १९७६ साली लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय सुमारे ५५ किलोमीटर लांब आहे. हिवाळ्यात पाणी ओसरू लागले की कडेचा गाळ उघडा पडतो, बुडालेल्या बाभळींची खोडे वर येतात आणि जलपर्णीची बेटे वाऱ्याबरोबर जागा बदलत राहतात. हे क्षेत्र पक्षी अभयारण्य असल्यामुळे वनखात्याची परवानगी निघण्यापूर्वीच घेतलेली बरी. चक्रवाक आणि पट्टकादंब आम्हांला भरपूर दिसले. परंतु या वृत्तांताचा विषय त्यानंतर जे घडले तो आहे.

साडेनऊच्या सुमारास एका उपसा सिंचनाच्या पंपघराजवळ आम्ही जलपर्णीत शिरलो. इंजिनाच्या पाठीमागून थंड ठेवणाऱ्या पाण्याची जी बारीक धार सतत पडते, ती आधी तुटक झाली आणि मग थांबली. धोक्याचा भोंगा वाजला तरी जलपर्णीतून बाहेर पडेपर्यंत, म्हणजे दोन-तीन मिनिटे, मी इंजिन चालू ठेवले, आणि सगळे नुकसान त्याच दोन-तीन मिनिटांत झाले. अर्ध्या तासाने पाणी ओढणाऱ्या जाळ्या साफ करून इंजिन पुन्हा लावले. ते थरथरत, दोनच सिलिंडरांवर, पांढरी वाफ सोडत दहा मिनिटे चालले आणि बंद पडले. पुढच्या वेळी चावी फिरवली तेव्हा ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि स्टार्टर जागीच अडला.

मी दुसऱ्यांदा चावी फिरवणार तोच, याच पाण्यात आयुष्यभर मासेमारी केलेल्या आप्पांनी माझा हात धरला. “दादा, आता चावी मारू नका. आधी प्लग काढा.” ते म्हणाले ते अगदी योग्य होते. पाणी दाबले जात नाही. आमच्या इंजिनात एका सिलिंडरची क्षमता सुमारे २५० घनसेंटिमीटर आहे, आणि पिस्टन वर पोचल्यावर तिथे जेमतेम तीसेक घनसेंटिमीटर जागा उरते. म्हणजे दोन मोठे चमचे पाणी साचले तरी पिस्टन अडतो, आणि अशा वेळी स्टार्टरने जोर लावत राहिले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्ही सुरक्षेची दोरी काढून ठिणगी बंद केली, तिन्ही प्लग काढले आणि फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवले. तिसऱ्या सिलिंडरच्या भोकातून पाण्याची चूळ भरून टाकावी तशी पिचकारी उडाली. हे करताना भोकासमोर तोंड नेऊ नये आणि जवळ विडी-काडी पेटवू नये, कारण पाण्याबरोबर पेट्रोलही उडते.

ते तीन प्लग मी फळीवर ओळीने मांडले. पहिल्या दोघांवर नेहमीचा तपकिरी थर होता, तर तिसऱ्याचे टोक नुकतेच घासून ठेवल्यासारखे पांढरे आणि स्वच्छ होते. ज्या सिलिंडरमध्ये चालू इंजिनात पाणी शिरते, तिथली वाफ काजळी धुऊन काढते. त्यामुळे स्वच्छ प्लग हा इथे दोषाचा पुरावा ठरतो. त्याच जागी प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडून आम्ही फ्लायव्हील पुन्हा फिरवले. गोड्या पाण्यानेही एका-दोन दिवसांत सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरतो, म्हणून हे काम घरी जाईपर्यंत लांबवू नये. पुढे एका मासेमाऱ्याच्या होडीने आम्हांला ओढत काठाला आणले.

सिलिंडरमध्ये पाणी दिसले की हेड (सिलिंडरांवरचे झाकण) आणि इंजिनाचा ठोकळा यांच्यामधला बंदिस्त पत्रा, म्हणजे हेड गॅस्केट उडाले, असे आपल्याकडे लगेच ठरवले जाते आणि हेड उचलले जाते. पैठणच्या मिस्त्रींनी तसे होऊ दिले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पाणी पेट्रोलमधूनही येऊ शकते. म्हणून त्यांनी फिल्टरमधले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवले, पण तळाशी पाण्याचा थर बसला नाही. मागून आलेली लाट एक्झॉस्टमधून आत शिरू शकते. पण तसे असते तर पाणी काढल्यावर तिन्ही सिलिंडरांचा दाब पूर्ववत भरला असता. तेलाची पट्टी काढली तेव्हा तेल दुधाळ चहाच्या रंगाचे झाले होते आणि पातळीही वाढलेली होती. खात्रीसाठी त्यांनी त्याचा एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकला; तो मोहरीसारखा तडतडला.

मग सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. पहिल्यात १७५, दुसऱ्यात १७० आणि तिसऱ्यात ९५ पौंड भरला. इंजिन थंड असल्याने आकडे थोडे कमी येणारच. पाहायचा असतो तो त्यांच्यातला फरक, आणि तो दहा-पंधरा टक्क्यांच्या वर गेला की दोष आहे असे धरावे. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले असते तर गॅस्केट त्या दोघांच्या मधोमध फाटले असते. तिसऱ्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजले तरी आकडा हलला नाही, म्हणजे रिंगा निर्दोष होत्या. शेवटी तिसरा पिस्टन वर आणून, फ्लायव्हील घट्ट धरून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. ती हवा कार्ब्युरेटरकडून किंवा एक्झॉस्टमधून आली नाही, तेल भरण्याच्या तोंडातूनही आली नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची झडप, काढून त्या जागी साबणाचा फेस लावला तेव्हा तिथे मात्र भराभरा बुडबुडे उठले. सिलिंडरची वाट थेट पाण्याच्या मार्गाला जोडली गेली होती. त्यानंतरच हेड उचलले. गॅस्केटवर तिसऱ्या सिलिंडरच्या खालच्या अंगाला करंगळीच्या नखाएवढा जळका पट्टा होता, आणि सरळ पट्टी व फिलर गेज लावल्यावर हेड ०.१५ मिलिमीटर वाकलेले आढळले. पुस्तिकेतली मर्यादा ०.१ होती, म्हणून हेड वाळूजला नेऊन फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, आणले. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टॉर्क रेंचनेच, टप्प्याटप्प्याने आवळावेत.

एवढ्यावर काम संपत नाही. पाणी खेचणाऱ्या रबरी इंपेलरच्या दोन पाकळ्या तुटलेल्या होत्या. एक तुकडा पंपातच सापडला. दुसरा आम्ही तासभर शोधला, तेव्हा तो थर्मोस्टॅटच्या तोंडाशी अडकलेला मिळाला. तो आत राहिला असता तर नवे गॅस्केटही पहिल्याच फेरीत जळाले असते. तुटलेल्या पाकळ्या मोजाव्यात आणि तितके तुकडे हाती येईपर्यंत जुळणी करू नये. तेल आणि फिल्टर दोनदा बदलावे लागले, कारण पहिल्या बदलानंतरही तासाभरात तेल फिकट झाले होते.

जे या मार्गाने जातील त्यांनी उजाडताच निघावे, कारण दुपारी उघड्या पाण्यावर वारा चढतो. पंपघरांचे पाइप आणि मासेमारीची जाळी यांपासून लांब राहावे, आणि जलपर्णी दिसताच इंजिन बंद करून वल्ह्यांनी बाहेर पडावे. सोबत प्लगचा पाना, जादा इंपेलर, लिटरभर तेल आणि ओढण्याचा दोर असावा. एकाने त्या पाण्याच्या धारेकडेच लक्ष ठेवावे.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा निघालो आणि साडेदहाला कायगावच्या पुलाखाली पोचलो. तिथे इंजिन निवू दिले आणि तिन्ही प्लग काढून पाहिले; तिघांवरही सारखाच तपकिरी थर होता.